मधल्या रकान्यातलं नाव

बाळाच्या जन्माची खबर दवाखान्यातून नोंदणी कार्यालयात जाते तेव्हा फॉर्मवर बाळाच्या नावाची जागा बहुधा कोरीच असते. कायद्याला ते चालतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या चौदाव्या कलमात ही सोय मुद्दाम ठेवली आहे. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, पण नाव मागाहून कळवलं तरी हरकत नाही. बारा महिन्यांच्या आत कळवलं तर पैसे पडत नाहीत, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत कळवता येतं. हे कलम लिहिणाऱ्याच्या घरी एखादं बारसं नक्की लांबलेलं असणार. आजोबांना पंचांगातलं अक्षर हवं असतं, आत्याने नाव केव्हाच ठरवून ठेवलेलं असतं, मामाने मोबाइलवर यादी पाठवलेली असते आणि बाळाच्या आईला अजून कोणी विचारलेलंच नसतं.

मुलीच्या पहिल्या नावावर असा खल चालतो. मधल्या नावावर मराठी घरात चर्चा होत नाही. ते वडिलांचं असतं, जन्माच्या आधीपासून ठरलेलं. लग्न झालं की ते जातं आणि नवऱ्याचं येतं. तेही ठरलेलंच. पाळण्याशी आत्या वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते, मग बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ते सांगितलेलं नाव फक्त पहिलं असतं. मधलं नाव कोणी कुणाच्या कानात सांगत नाही आणि त्यासाठी कोणी धपाटेही खात नाही. ते निवडायचं असतं हा विचार आपल्याकडे आला तोच मुळी मार्च २०२४ मध्ये, तोही शासन निर्णयाच्या रूपाने. त्याच्याकडे जाण्याआधी पहिल्या नावाचा पसारा पाहून घेऊ.

उदाहरणाला नागापूर घेऊ. हे नगर शहराला लागून, मनमाड रस्त्यावरचं, सीना नदीकाठचं गाव. गाव म्हणायचं ते सवयीने. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे आणि बाहेरच्या माणसाला ते एमआयडीसीमुळे माहीत असतं. कारखान्यांत कामाला जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतून माणसं आली, शेजारच्या बीडमधून आली, पुढे उत्तरेकडूनही आली. त्यामुळे अशा वस्तीतल्या प्रसूतिगृहाच्या रजिस्टरात नावांच्या अनेक रीती एकाच पानावर भेटू शकतात. बिहारहून आलेल्या घरातल्या मुलीच्या नावापुढे 'कुमारी' येतं, आडनाव नसलं तरी त्यांचं अडत नाही, आणि लग्न झालं की 'कुमारी'ची 'देवी' होते. १८३१ पासून नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्या परंपरेतल्या ख्रिस्ती घरांत रूथ, एस्तेर, सुवार्ता अशी नावं ऐकू येतात. मुस्लिम घरात सातव्या दिवशी अकीका होतो. पण ख्रिस्ती असो, मुस्लिम असो की हिंदू, घर मराठी असलं की रजिस्टरातली मांडणी एकच असते: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. धर्माने पहिलं नाव बदललं, मधली जागा महाराष्ट्राने ठरवली.

या नोंदणीत आणखी एक गंमत आहे. जन्म जिथे झाला तिथेच तो नोंदवावा लागतो, आईवडील राहतात तिथे नाही. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. म्हणून नागापुरात वाढणाऱ्या कितीतरी थोरल्या मुलींचा जन्मदाखला आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा असतो. मुलीच्या नावात आई कुठेच नसली तरी दाखल्यावरच्या गावाच्या नावात ती गुपचूप बसलेली असते. दाखला हरवला की वडिलांना सासुरवाडीच्या गावी खेटे घालावे लागतात, एवढा हिशेब तरी चुकता होतो.

आता पहिल्या नावाचं. सर्वांत आधी हात घातला जातो तो पंचांगाला. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. अश्विनीला चू चे चो ला, भरणीला ली लू ले लो, अशी ती माळ. बाळ ज्या चरणावर जन्मलं ते अक्षर घेऊन ठेवलेलं ते नावरस नाव. अडचण अशी की ही माळ नामकरणाच्या सोयीसाठी ओवलेली नाही. आर्द्रेत ङ येतो, हस्तात ण, उत्तराभाद्रपदेत ञ. या अक्षरांनी सुरू होणारं मुलीचं नाव आजवर कोणाला सापडलेलं नाही. पूर्वाषाढेच्या शेवटच्या चरणाला ढा आहे. तिथे गुरुजी जवळचं दुसरं अक्षर सुचवतात आणि प्रकरण मिटतं. यावरचा मराठी तोडगा जुना आणि शहाणा आहे: नावरस नाव पत्रिकेत राहू द्यायचं, पाळण्यात वेगळं ठेवायचं, हाक तिसऱ्याच नावाने मारायची. छकुली, सोनी, ताई, माई ही हाकेची नावं अशीच आयुष्यभर टिकतात. पुढे शाळेत दाखल करताना त्यात चौथं नाव जमा व्हायचं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेच्या सोयीने १ जून पडली. जे मास्तर तारीख बसवत, ते नावही बसवत.

जुन्या ग्रंथांनी मुलींच्या नावांबद्दल नियम केले आहेत. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि शेवटी आ असलेलं असावं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या बायकांची नावं आठवून पाहा: सविता, कविता, सुनीता, अनिता, वनिता, संगीता, वंदना, मनीषा. सगळी तीन अक्षरी, सगळी आकारान्त. ही नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी गृह्यसूत्र उघडलं असेल? कानाला जे मुलीचं नाव 'वाटतं' त्याचा साचा माणसांच्या नकळत फार लांबून येत असतो, असा याचा अर्थ मी लावतो. आजच्या अंगणवाडीत तो साचा मोडलेला दिसतो. स्वरा, आर्या, अन्वी, ईरा, सई, परी, रुही सगळी दोन अक्षरी. पूर्वी नाव लांब असायचं आणि हाक मारताना त्याचा तुकडा पडायचा. चंद्रभागेची चंद्री व्हायची, भागीरथीची भागा. आता पालक तुकडाच नाव म्हणून ठेवतात, मोडायला काही उरत नाही.

मनुस्मृतीचा नियम मात्र महाराष्ट्राने पार धुडकावून लावला, आणि मला त्याचा आनंद आहे. तिच्या दुसऱ्या अध्यायात बाईचं नाव उच्चाराला सोपं, मंगल, दीर्घ स्वरान्त असावं असं म्हटलं आहे, तिथवर ठीक. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांच्यावरून नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये असा सल्ला आहे. तो पाळला असता तर आपल्याकडे लग्नंच झाली नसती. रोहिणी, रेवती, अश्विनी ही नक्षत्रं. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, यमुना, चंद्रभागा या नद्या. तुळसा हे झाड, मैना पक्षी, आणि नागूबाई तर कित्येक घरांत पणजी म्हणून भिंतीवर फोटोत बसलेली.

नगर जिल्ह्यात नावांचं आणखी एक जुनं भांडार आहे ते वारकऱ्यांचं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातल्या नेवाशात, आणि 'ज्ञानेश्वरी' हे मुलीचं नाव म्हणून आजही ठेवलं जातं. मुक्ता, जना, सोयरा, बहिणा, रखमा, विठा ही नावं पंढरपूरच्या वाटेने घरात आली. पाथर्डीच्या मोहटादेवीमुळे रेणुका, राशीनच्या देवीमुळे जगदंबा, शिर्डीमुळे 'साई'ने सुरू होणारी नवी नावं. याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंद्यांच्या घरी जी मुलगी जन्मली, तिचं नाव आता जिल्ह्यालाच मिळालं आहे. अहिल्याबाईंच्या नावात नवऱ्याचं नाव कोणी घेत नाही. 'अहिल्याबाई खंडेराव होळकर' असं म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थांबेल. पहिल्या नावाच्या बळावर मधलं नाव गिळून टाकण्याइतकं मोठं होणं ज्यांना जमलं त्या बायका मराठी इतिहासात थोड्या आहेत.

पण नाव ठेवणं दर वेळी लाडाने होत नाही. तिसरी-चौथी मुलगी झाली की 'नकोशी', 'नकुसा' असं नाव ठेवायची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात होती. मुलीलाच 'नकोशी' म्हटलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधल्या गेल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ जणींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं, कुणी वैशालीसारखं साधं, चांगल्या अर्थाचं. स्वतःचं नाव स्वतः निवडण्याची संधी मराठी मुलीला सरकारी समारंभात मिळाली ती अशी, आणि तीही 'नकोशी' ठरल्यामुळे. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, नगर जिल्ह्यात ८५२. नकुसा हे नाव ज्या मुलीला मिळालं ती निदान जन्मली तरी होती.

नाव ठरलं की ते लिहायचं कसं, हा प्रश्न घरात कोणी फारसा मनावर घेत नाही आणि पुढे वीस वर्षं तोच छळतो. मराठीत ऋ चा उच्चार आपण 'रु' करतो, हिंदीत 'रि'. म्हणून आपली ऋतुजा इंग्रजीत यू घालून लिहिते आणि दिल्लीचा कारकून ते खोडून आय घालतो. ज्ञ आपल्याकडे 'द्न्य', उत्तरेला 'ग्य'. नेवाशाची ज्ञानेश्वरी इंग्रजीत डी-एन-वाय ने सुरू होते आणि परराज्यातल्या माणसाला तो उच्चार करताच येत नाही. ळ ला रोमन लिपीत जागा नाही. सई लिहायला एक ई की दोन, श्री मध्ये आय की डबल ई, यावर अंकशास्त्रवाल्यांचा धंदा चालतो. सांगायचं ते इतकंच की पाळण्याशी गाणं म्हणून झालं की त्याच आठवड्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं एका कागदावर लिहून दोन्ही आजोबांच्या सह्या घ्याव्यात. हे अर्धं थट्टेने म्हणतो आहे, अर्धं नाही. जन्मनोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी अशा अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. आधी शाळेच्या दाखल्यावर भागायचं. मास्तरांनी बसवलेलं नाव चालायचं. आता पहिल्या कागदावर जे पडेल ते पुढे सगळीकडे जाणार. लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. पाच हजारांचा पहिला हप्ता जन्मानंतर, पंचाहत्तर हजारांचा शेवटचा अठराव्या वर्षी. या दोन हप्त्यांच्या मधल्या काळात मुलीच्या नावातली एक वेलांटी जरी हलली, तरी अर्ज परत येऊ शकतो.

इथवर पहिलं नाव. मधल्या नावाचा इतिहास याहून विचित्र आहे.

आपल्याकडे बाईच्या मधल्या नावाची अदलाबदल इतकी अंगवळणी पडली आहे की ती जगात सगळीकडे होत असेल असं वाटतं. होत नाही. रशियात बापाच्या नावावरून मधलं नाव येतं, इव्हानची मुलगी इव्हानोव्हना, पण ती लग्नानंतरही इव्हानोव्हनाच राहते. आइसलंडमध्ये तर आडनावाच्या जागीच बापाचं किंवा आईचं नाव आणि त्याला 'मुलगी' असा प्रत्यय. लग्नाने तिथेही काही बदलत नाही. स्पेनमध्ये मुलाला बापाचं एक आणि आईचं एक अशी दोन आडनावं, आणि नवरा आला म्हणून बायकोचं एकही जात नाही. बापाचं नाव मुलीला देऊन लग्नात ते काढून घ्यायचं आणि त्याच जागी नवऱ्याचं बसवायचं, ही आपली खास व्यवस्था. मधली जागा नावाची नाहीच, ताब्याची आहे.

आणि पूर्वी तर पहिलं नावही सुटत नसे. ताटात तांदूळ पसरून नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचा. कल्याणची यमुना गोपाळराव जोशांशी लग्न झाल्यावर आनंदी झाली आणि त्या नावाने अमेरिकेत डॉक्टर झाली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. दोन यमुना, दोघी एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत ठळक बायकांपैकी, आणि दोघींची माहेरची नावं आज परीक्षेत विचारण्यापुरती उरली. गोदूची आनंदी झाली ती धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केल्यावर. सुधारकाच्या घरीही तांदळाचं ताट चुकलं नाही. नगरशी जिचं नातं घट्ट, त्या लक्ष्मीबाई टिळक जन्माने मनकर्णिका गोखले. नारायण वामन टिळकांशी लग्न झाल्यावर त्या लक्ष्मी झाल्या. पुढे धर्म बदलला तरी नाव तेच राहिलं, आणि मराठीतल्या सर्वांत मोकळ्या आत्मचरित्रावर तेच छापलं गेलं.

या व्यवस्थेत एक कोडं लपलेलं होतं आणि आपल्या आज्यांनी ते रोज सोडवलं. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा शिष्टाचार. आणि तिच्या स्वतःच्या पूर्ण नावाच्या मधोमध नवऱ्याचं नाव. म्हणजे तलाठ्याने 'बाई, पूर्ण नाव सांगा' म्हटलं की शिष्टाचार मोडल्याशिवाय तिला स्वतःचं नाव सांगता येत नसे. ती शेजारच्या बाईकडे बघायची, नाहीतर पोराला 'सांग रे तुझ्या बापाचं नाव' म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायला परवानगी होती ती फक्त उखाण्यात, यमक जुळवून, चारचौघींच्या हसण्यात. आपण उखाण्याकडे करमणूक म्हणून पाहतो. माझ्या मते ती एका बंद दाराला ठेवलेली फट होती.

आईचं नाव लावण्याची रीत महाराष्ट्राला अगदीच परकी नव्हती, हे लोकांना सातवाहनांची आठवण करून दिल्यावरच पटतं. पैठणच्या राजांनी गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावं मिरवली. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचा पराक्रम सांगणारा. तो मुलगा इतिहासात ओळखला जातो तो तिचा पुत्र म्हणूनच. तरी फार हुरळून जायला नको. ती नावं आईच्या गोत्रावरून आलेली, म्हणजे फिरून आईच्या बापाच्या घराण्याकडेच जाणारी. आणि ती राजपुत्रांची. त्यांच्या बहिणींची नावं कशी लिहीत, ते लेण्यांवर कोणी कोरलेलं नाही.

मग आला मार्च २०२४. ११ तारखेला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय केला की शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक असेल. १४ तारखेला शासन निर्णय निघाला. क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लागू कोणाला, तर १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांना. अनाथ मुलांना सूट आहे. शाळाप्रवेशाचा अर्ज, परीक्षांची कागदपत्रं, सातबारा, मालमत्तेचे कागद, सेवापुस्तक, रेशनकार्ड हे सगळं यात येतं. मंत्रालयातल्या पाट्या लगेच बदलल्या. 'एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे' अशी पाटी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर आली, आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीसांनी आई सरितांचं नाव वडिलांच्या नावाआधी घेऊन शपथ घेतली. शासन निर्णयाच्याच आठवड्यात, १३ मार्चला, मंत्रिमंडळाने अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करायलाही मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं. त्यामुळे नागापूरच्या एखाद्या घरात दोन बहिणी अशा असतील की थोरलीचं नाव तीन शब्दांचं आणि जिल्हा अहमदनगर, धाकटीचं चार शब्दांचं आणि जिल्हा अहिल्यानगर. शाळेच्या जनरल रजिस्टरवर दोघी सख्ख्या आहेत हे कारकुनाला समजावून सांगावं लागेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. जन्मदाखल्यावर आईचं नाव पूर्वीपासून असतं, वेगळ्या रकान्यात. दहावीच्या गुणपत्रिकेवरही ते वेगळ्या ओळीत छापलं जातं. नव्या निर्णयाने ते बाजूच्या ओळीतून उचलून मुलीच्या स्वतःच्या नावात आणलं. वेगळ्या ओळीतलं नाव कोणी हाक मारताना घेत नाही. हजेरीत, बक्षीस समारंभात, लग्नपत्रिकेत पूर्ण नाव वाचलं जातं, आणि फरक पडणार तो तिथे.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. मुलीच्या नावात आईचं नाव घालायचं म्हटलं की आधी विचारावं लागतं, आईचं नाव काय? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. तांदळातल्या नावाची प्रथा पुष्कळ ओसरली असली तरी संपलेली नाही. कित्येक आया अशा आहेत की दहावीच्या प्रमाणपत्रावर त्या एका नावाच्या, सासरच्या रेशनकार्डावर दुसऱ्या, आणि आधारवर लग्नानंतर घाईत जे घातलं ते. बँकेत माहेरचं आडनाव, पॅनवर सासरचं. वडिलांच्या बाबतीत असा घोळ होत नाही, कारण त्यांचं नाव कोणी कधी बदललंच नाही. पूर्वी आईच्या नावातल्या या उलथापालथीचा त्रास फक्त आईला व्हायचा. आता तो मुलीच्या नावात उतरतो. म्हणून १ मे २०२४ नंतरच्या प्रत्येक घरात, मुलीचं नाव ठरवण्याआधी तिच्या आईचं नाव ठरवावं लागतं, आणि ते आईनेच ठरवावं. माझं मत विचाराल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव धरावं. ते तिने स्वतः मिळवलेल्या कागदावरचं असतं आणि सर्वांत जुनं असतं. आधार आणि रेशनकार्ड त्याप्रमाणे करून घ्यावं. राजपत्रातली नावबदलाची जाहिरात लागली तरी चालेल. 

दुसरी बारीक बाब प्रत्ययाची. 'बाई', 'ताई', 'राव' नावात धरायचे की नाही? पुढाऱ्यांच्या नावातही आई कधी 'ताई' लावून येते, कधी नुसतीच, वडील कधी 'राव' असतात, कधी नसतात. सभेत ते शोभतं. जन्माच्या नोंदीत एकदा 'बाई' लागली की मुलीला ती पदवीपर्यंत वागवावी लागते. आईच्या आधारवर जे असेल तेच, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही.

पासपोर्टच्या फॉर्मला हे सगळं बापडं समजत नाही. तिथे दोनच रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. आपण मराठी माणसं बापाचं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात घालतो आणि परदेशातल्या विमानतळावर दोन्ही नावं चिकटून एकच लांबलचक नाव तयार होतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत मधल्या नावाचा रकाना वेगळा मिळतो. पण तिथे मुलीच्या नावामध्ये पुरुषाचं नाव पाहून वर्गातल्या पोरी विचारतात, हे काय? म्हणून काही घरं त्या जागी आजीचं नाव घालू लागली आहेत. तिकडे मधलं नाव खरोखरच निवडायचं असतं. निवड करायची वेळ आली तेव्हा आठवली ती आजी, हे मला फार आवडतं.

इकडे चार शब्दांचं नाव झाल्यावर पहिल्या नावाची निवडही बदलायला हवी, याचा विचार अजून कोणी फारसा करत नाही. आईचं नाव चार अक्षरी, बापाचं पाच अक्षरी, आडनाव लांब असेल तर पहिलं नाव दोन अक्षरी बरं. ऑनलाइन फॉर्मची चौकट आखूड असते. आईचं आणि मुलीचं नाव एकाच अक्षराने सुरू झालं तर आद्याक्षरांत गोंधळ होतो. आईबापाच्या नावातली अक्षरं जोडून मुलीचं नाव तयार करायची जी हौस अलीकडे दिसते, तिची आता गरज उरलेली नाही. दोघंही पूर्ण नावानिशी शेजारीच उभे आहेत. मोठ्याने सलग वाचून पाहावं, शाळेच्या स्पीकरवर बाई वाचतील तसं. अडखळलं तर पहिलं नाव बदलावं, कारण बाकी तीन बदलता येत नाहीत.

आणि या मुली मोठ्या होतील तेव्हा? त्याच शासन निर्णयात विवाहित स्त्रियांसाठी जुनी रीत कायम ठेवली आहे: तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणजे जन्मतः आई आणि वडील दोघांची नावं घेऊन चाललेल्या मुलीला लग्नात दोन्ही टाकून एकच घ्यायची मुभा राहील. मुभाच, कारण लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा देशात नाही, आधीही नव्हता. विवाहनोंदणीच्या कार्यालयात लग्नानंतरचं नाव विचारलं जातं, आणि तिथे जन्माचंच नाव लिहून दिलं तरी नोंदणी होते. मे २०२४ मध्ये जन्मलेली पहिली मुलगी मे २०४२ मध्ये अठरा वर्षांची होईल. ती योजनेत बसत असेल तर लेक लाडकीचा पंचाहत्तर हजारांचा हप्ता तिला त्याच सुमारास, तिच्या चार शब्दी नावाने मिळायचा आहे.